बाटलीवरचे नाव

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘वाइन चाखणाऱ्यांच्या वह्या’ असे सांगितले. ते ऐकून चालक काही वेळ गप्पच राहिले. तीस वर्षे गेटसभांतून बोनस, महागाई-भत्ता आणि ठेकेदारी ह्यांवर बोलणाऱ्या माणसाला हा श्रीमंती शौक कुठून लागला, असे त्यांच्या मनात आले असणार. आज समोर बसलेल्यांपैकीही काहींच्या मनात ते असेल. म्हणून आधी खुलासा करतो.

आम्ही पिण्याचा प्रचार करायला उभे राहिलेलो नाही. पगाराच्या संध्याकाळी गुत्त्याच्या दारातून कामगाराला दंडाला धरून घरी पोचवण्याचे काम आम्ही पुष्कळ वर्षे केले आहे. दार उघडणाऱ्या बाईची नजर आधी नवऱ्याच्या तोंडाकडे जात नाही, खिशाकडे जाते, हे आम्ही पाहिले आहे. वाइन म्हणजे दारू नव्हेच, असा एक युक्तिवाद अलीकडे ऐकू येतो. तोही आम्ही करणार नाही. तिच्यात शंभराला बारा-तेरा भाग मद्यार्क असतो आणि तो आपले काम करतोच.

पण जगात एक असाही वर्ग आहे, की जो थोडे पितो आणि पुष्कळ लिहितो. ही माणसे पेल्यातला एक घोट तोंडात घोळवतात, बहुतेक वेळा थुंकून टाकतात आणि वहीत चार ओळी लिहितात. मग त्या ओळी एकमेकांना दाखवतात. ‘अमुक गावी, देवळामागच्या गल्लीत एक शेतकरी राहतो. त्याची बाग लहान, पण माल सच्चा. जा आणि त्याचे दार ठोठाव,’ असे एकमेकांना सांगतात. ह्या वह्यांनी गेल्या शंभर वर्षांत एक मोठे काम केले. ज्याने राबून माल पिकवला, त्याचे नाव बाटलीवर येण्यास त्यांनी हातभार लावला. श्रमाला नाव मिळावे म्हणून ज्याने आयुष्य घालवले, त्याला ह्या गोष्टीत रस वाटला तर नवल नाही.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात झाले. फ्रान्समधल्या शेतमजुरांच्या संपांविषयी वाचता वाचता आम्ही द्राक्षमळ्यांत शिरलो आणि तेथून ह्या वह्यांपर्यंत पोचलो.

चव लिहायची कशी

प्रथम वहीत असते काय, ते पाहू. चाखण्याची रीत साधी आहे. पेला एकतृतीयांश भरतात. पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहतात. तांबडी वाइन कोवळी असताना जांभळट दिसते आणि वय वाढले की कडेने विटकरी होत जाते. पांढरीचे उलटे, ती वयाबरोबर गडद, सोनेरी होते. मग पेला गोल फिरवून वास घेतात, कारण आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग नाकाचा असतो. सर्दी झाली की भाजी बेचव लागते, हा आपला रोजचा अनुभव आहे. शेवटी घोट घेऊन तो जिभेवर, गालांत फिरवतात. आंबटपणा किती, गोडी आहे की नाही, हिरड्यांना जाणवणारा तुरटपणा कसा आहे, घशाशी ऊब किती, आणि घोट गेल्यावर चव किती वेळ मागे रेंगाळते, ह्याची नोंद करतात.

ह्यात अद्भुत काहीच नाही. आंब्याच्या पेटीवर नाक टेकवून आढी किती दिवसांची ते सांगणारी आजी आपल्या घराघरात होती. गुळाच्या ढेपेचा खडा जिभेवर ठेवून रसायन जास्त पडले की नाही, हे सांगणारे व्यापारी आपल्या बाजारात आहेत. फरक इतकाच, की आपल्या आजीने ते लिहून ठेवले नाही.

लिहिताना मात्र अडचण येते. ‘उत्तम’, ‘राजस’, ‘खानदानी’ असे शब्द लिहिले, तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेतल्या ॲन नोबल ह्या संशोधक बाईंनी १९८४ साली ह्यावर एक तोड काढली. त्यांनी वासांचे एक चक्र तयार केले. मध्यभागी फळ, फूल, मसाला, लाकूड, माती असे ढोबळ वर्ग आणि बाहेरच्या कडेला त्यांतले नेमके वास. लिंबू, मिरी, लवंग, ओली माती. ज्याची त्याची ओळख पटेल असे. ज्याचा नमुना समोर ठेवून दुसऱ्याला हुंगवता येतो, तोच शब्द वापरावा, असा त्यामागचा विचार. ‘राजस’पणा वाटीत काढून दाखवता येत नाही. पेरूची फोड दाखवता येते.

पण जीभ फसते, हेही सांगितले पाहिजे. २००१ साली बोर्दोच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाइन ठेवली. फक्त एका पेल्यात वास नसलेला तांबडा रंग मिसळला होता. त्या पेल्याचे वर्णन करताना विद्यार्थ्यांनी तांबड्या वाइनला लावायचे शब्द लावले. डोळ्यांनी नाकाला हुकूम केला आणि नाकाने तो पाळला. ह्यावरून काही लोक म्हणतात, की ही सारी टिपणे थोतांड आहेत. आमचे मत तसे नाही. साक्षीदार चुकतो म्हणून कोणी न्यायालय बंद करत नाही. दुसरा साक्षीदार बोलावतात, तिसरा बोलावतात आणि जबान्या ताडून पाहतात. म्हणूनच एकट्याच्या वहीला फारशी किंमत नाही; दहा जणांच्या वह्या शेजारी ठेवल्या म्हणजे खरे काय ते निवळते.

आणि जबानीत चवीइतकीच महत्त्वाची असते वरची ओळ. साल कोणते, गाव कोणते, बाग कोणती, आणि करणारा कोण. आमच्या मते सगळ्या वहीचे सार ह्या चार शब्दांत आहे. त्यांतला चौथा शब्द फार उशिरा आला. तो कसा आला, ते आता पाहू.

एक भिंत, ऐंशी मालक

फ्रान्सच्या पूर्वेस बरगंडी प्रांत आहे. तेथे क्लो द वूजो नावाची भिंतीने वेढलेली एक बाग आहे. सुमारे ५० हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकरांच्या आसपास. मध्ययुगात सितो मठाच्या साधूंनी ती वसवली. फ्रेंच राज्यक्रांतीत ती सरकारजमा झाली आणि विकली गेली. पुढे १८८९ पासून तिचे तुकडे पडत गेले. बापाची जमीन सर्व मुलांत वाटली जावी हा तिकडचाही कायदा. आपल्या सातबाऱ्यावर जे होते, तेच तेथे झाले. आज त्या एका भिंतीच्या आत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कोणाच्या वाट्याला चार ओळी, कोणाच्या दहा. वरच्या अंगाची जमीन निचऱ्याची, खालच्या अंगाची रस्त्यालगतची, पाणी धरणारी. कोणी फांद्या कमी ठेवून थोडा पण कसदार माल घेतो, कोणी वेल लादून घेतो. आणि बाटलीवर सगळ्यांना एकच नाव लावता येते: क्लो द वूजो. नुसत्या बागेच्या नावावर भरवसा ठेवणारे गिऱ्हाईक येथे हमखास फसेल. करणारा कोण, हे विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

पण जुन्या काळी हा प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. शेतकरी द्राक्षे पिळून लाकडी पिंपांत रस आंबवायचा आणि पिंपेच्या पिंपे बोन गावच्या व्यापाऱ्याला विकायचा. व्यापारी दहा जणांचा माल एकत्र करायचा. त्यांतले काहीजण दक्षिणेकडची किंवा अल्जीरियाची स्वस्त, गडद वाइन मिसळायचे आणि वर नामांकित गावाची चिठ्ठी लावायचे. बाटलीवर नाव व्यापाऱ्याचे. पिकवणारा बेनाव.

ही लबाडी फक्त बरगंडीत होती असे नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे मुळापासून खाल्ले. माल तुटला, पण गिऱ्हाईक तुटले नव्हते. मग साखर आणि पाणी घालून वाइन होऊ लागली, बेदाण्यांची वाइन होऊ लागली. अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच डोळे बांधून बागा पुन्हा उभ्या राहिल्या, तरी हा नकली माल बाजारातून हटेना. खऱ्या मालाचे भाव कोसळले. तेव्हा दक्षिणेतला लांगदोक प्रांत पेटला. ११ मार्च १९०७ रोजी आर्जेलिये गावातून मार्सेलँ आल्बेर ह्याच्यामागे ८७ माणसे निघाली. आल्बेर हा बागाईतदार, आणि कॉफीचे दुकानही चालवणारा. ९ जून रोजी माँपेलिये शहरात जमलेला समुदाय पाच लाखांच्या वर गेला. १९ आणि २० जूनला नार्बोन येथे सैन्याने गोळ्या झाडल्या. सहा माणसे मेली. बेझिये भागातल्या पोरांनी भरलेल्या सतराव्या पायदळ पलटणीने आपल्याच आईबापांवर बंदूक रोखण्यास नकार देऊन बंड केले. २९ जूनला सरकारने नकली वाइनविरुद्ध कायदा केला. बागाईतदाराने आपले पीक किती, हे जाहीर करावे आणि साखरेवर जादा कर बसावा, अशी त्यात तरतूद होती.

ह्या लढ्यात बागमालक आणि मजूर खांद्याला खांदा लावून चालले. कायदा झाला तो मालाच्या शुद्धतेचा, मजुरीचा नव्हे. हे लक्षात ठेवावे. पुढे आपल्याला ह्या मुद्द्याकडे परत यायचे आहे.

त्याच प्रांतात मारोसाँ गावच्या लहान शेतकऱ्यांनी दुसरी वाट काढली होती. १९०१ साली त्यांनी सहकारी संस्था स्थापली आणि आपली वाइन मधला व्यापारी टाळून पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहक-सहकारी संस्थांना विकली. समाजवादी पुढारी जाँ जोरेस १९०५ साली ते पाहायला मुद्दाम तेथे गेला होता. सहकारी साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात ह्यावर अधिक भाष्याची जरूर नाही. इतकेच म्हणतो, की पिणारा कामगार आणि पिकवणारा शेतकरी ह्यांनी एकमेकांचे नाव विचारले, तर मधल्या माणसाची किंमत उतरते, हे मारोसाँने दाखवले.

दार कोणी ठोठावले

१९३५ साली फ्रान्सने मूळस्थानाचा कायदा केला. कोणत्या हद्दीतल्या, कोणत्या जातीच्या द्राक्षांना कोणत्या गावाचे नाव लावता येईल, हे ठरले. म्हणजे वहीतले गाव आणि बाग सुरक्षित झाले. चौथ्या शब्दासाठी मात्र वेगळी लढाई झाली.

बरगंडीत न्वी-साँ-जॉर्ज गावचा आँरी गूझ आणि व्होल्ने गावचा मार्की दांजेरव्हिल ह्या दोघांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भेसळ करणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध आवाज उठवला आणि कोर्टाची पायरी चढली. व्यापाऱ्यांनी त्यांच्या मालावर बहिष्कार घातला. मग त्यांनी आपली वाइन आपल्याच तळघरात बाटल्यांत भरून आपल्या नावाने विकायला सुरुवात केली. हे ऐकायला सोपे वाटते. करायला अवघड आहे. पिंप विकले की शेतकऱ्याच्या हाती रोकड येते. बाटली भरायची तर काच, बूच, चिठ्ठी, जागा आणि मजूर ह्यांचा खर्च आधी, आणि पैसे वर्षा-दोन वर्षांनी. इतका दम लहान माणसाकडे नसतो. त्याला आपल्या दारी येणारे, रोख पैसे देणारे गिऱ्हाईक लागते. ते नसेल तर तत्त्व कितीही खरे असले, तरी तो पुन्हा व्यापाऱ्याच्या वखारीत जातो. संपकऱ्याच्या घरी दाणे नसले की संप मोडतो, तसेच हे आहे.

हे गिऱ्हाईक रसिकांच्या वह्यांनी आणले. रेमों बोद्वाँ ह्या गृहस्थाने १९२७ साली पॅरिसमध्ये वाइनला वाहिलेले एक मासिक काढले. तो गावोगाव फिरून तळघरांत चाखत असे आणि चांगल्या शेतकऱ्यांना स्वतः बाटल्या भरण्याचा आग्रह करत असे. त्याच्या शब्दावर पॅरिसची उपाहारगृहे शेतकऱ्याकडून थेट माल घेऊ लागली. अमेरिकेत १९३३ च्या डिसेंबरात दारूबंदी उठल्यावर फ्रँक स्कूनमेकर ह्या लेखक-व्यापाऱ्याने त्याच वाटेने जाऊन अशा शेतकऱ्यांचा माल समुद्रापार नेला. त्यांच्यामागून हौशी माणसे निघाली. शिक्षक, डॉक्टर, कारकून. सुट्टीत गाडी काढायची, एखाद्या गावी उतरायचे, चाखायचे, लिहायचे आणि परत जाऊन दहा मित्रांना सांगायचे. पुढे १९७८ साली फ्रान्सच्या स्वतंत्र बागाईतदारांनी आपला संघ स्थापला. खांद्यावर पिंप वाहणारा माणूस हे त्यांचे चिन्ह आहे. बाटलीच्या वरच्या टोपणावर ते दिसले, की समजावे, ज्याने पिकवले त्यानेच भरले.

शँपेन प्रांतात तर हे ओळखणे आणखी सोपे आहे. चिठ्ठीच्या कोपऱ्यात मुंगीएवढी दोन अक्षरे असतात. ‘आर.एम.’ असेल तर आपल्याच द्राक्षांची शँपेन करणारा शेतकरी, ‘एन.एम.’ असेल तर द्राक्षे विकत घेणारी पेढी; ‘सी.एम.’ असेल तर सहकारी संस्था. तिन्हींत चांगला माल असू शकतो. पण घेणाऱ्याला आपण कोणाच्या हातचे घेतो आहोत, ते कळते.

कोणी तिकडे जाणार असेल, तर वह्यांतून वारंवार येणाऱ्या चार सूचना सांगून ठेवतो. लहान शेतकऱ्याकडे आधी कळवून जावे. तो दुकानदार नव्हे, तुमच्यासाठी ट्रॅक्टर थांबवून येतो. बारा ते दोन त्याची जेवणाची वेळ. तेव्हा दार वाजवू नये. सप्टेंबरात तोडणी असते. तेव्हा तर मुळीच जाऊ नये. चाखलेले थुंकण्यात अपमान नाही, तेथे त्यासाठी भांडे ठेवलेले असते. आणि तासभर त्याचा वेळ घेतल्यावर दोन बाटल्या तरी विकत घ्याव्यात. फुकटच्या स्तुतीने बुचाचे पैसे भागत नाहीत.

वहीने पकडलेला चोर

ह्या नोंदींची खरी परीक्षा २००८ साली झाली. न्यू यॉर्कमधल्या एका लिलावात बरगंडीच्या मोरे-साँ-दनी गावच्या पोन्सो घराण्याच्या जुन्या बाटल्या आल्या. त्यांत क्लो साँ-दनी ह्या बागेच्या १९४५ सालापासूनच्या बाटल्या होत्या. एका जाणत्या रसिकाला शंका आली आणि त्याने थेट शेतकऱ्यालाच, म्हणजे लोराँ पोन्सोला विचारले. पोन्सो थक्क झाला. कारण त्यांच्या घराण्याने त्या बागेची वाइन करायला सुरुवातच १९८२ साली केली होती! तो विमानाने लिलावाला येऊन हजर झाला आणि बाटल्या मागे घेतल्या गेल्या. त्या बाटल्या आणणारा रूडी कुर्नियावान हा तरुण स्वतः मोठा रसिक म्हणून मिरवत होता. २०१२ साली त्याला अटक झाली, तेव्हा त्याच्या घरात नकली चिठ्ठ्यांचा कारखानाच सापडला. २०१३ साली तो दोषी ठरला आणि २०१४ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

ह्या प्रकरणात मोठमोठ्या जिभा फसल्या. लक्षाधीशांनी त्या माणसाच्या बाटल्या घेतल्या, वाखाणल्या. चोर सापडला तो चवीवरून नव्हे. साल, बाग आणि करणारा ह्यांचा मेळ बसेना म्हणून सापडला. जीभ फसली तरी वहीतली वरची ओळ फसली नाही.

दुसरा एक धोका वहीच्या आतूनच आला. अमेरिकेत रॉबर्ट पार्कर नावाच्या वकिलाने १९७८ साली वाइनवर एक पत्र काढले आणि शंभरापैकी गुण देण्याची पद्धत रूढ केली. हेतू बरा होता. तो व्यापाऱ्यांच्या जाहिराती घेत नसे आणि गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलत असे. पण लोकांनी टिपण वाचायचे सोडून दिले, आकडाच वाचायला लागले. ज्याला पंचाण्णव मिळाले त्याचा भाव आकाशाला, आणि ज्याला चौऱ्याऐंशी मिळाले त्याचा माल पडून. कारखान्यात कामगाराच्या नावाऐवजी बिल्ल्याचा नंबर पुकारतात, तेव्हा काय होते ते आम्हांला ठाऊक आहे. म्हणून जाणते रसिक आजही आकडा टाळतात किंवा शेवटी देतात. ते गाव सांगतात, गल्ली सांगतात, माणूस सांगतात.

वहीतली मोकळी ओळ

आता आपल्या दाराशी येऊ. नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराला बोनच्या व्यापाऱ्याची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. बागेत येऊन भाव ठरवणारा, माल भरल्यावर भाव पाडणारा आणि एखाद्या वर्षी पैसे न देताच पसार होणारा व्यापारी त्याने पाहिला आहे. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष-प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले. विंचूरला वाइन पार्क झाले आणि नाशिकच्या आसपास बऱ्याच वायनरी उभ्या राहिल्या. पुणे-मुंबईची तरुण मंडळी तेथे जाऊन चाखतात, लिहितात, लहान वायनरीची नावे एकमेकांना सांगतात. ही चांगली गोष्ट आहे. पण आपल्याकडे पुष्कळ वेळा द्राक्ष पिकवणारा एक आणि वाइन करणारा दुसरा, असे असते. २००८-०९ च्या मंदीनंतर मागणी घटली, तेव्हा वाइनच्या जातीची द्राक्षे लावलेल्या अनेकांना गिऱ्हाईक उरले नाही आणि त्यांनी बागा उपटल्या. त्यांची नावे कोणत्याही बाटलीवर नव्हती. मग ती कोणाच्या वहीत असणार?

काही वर्षांपूर्वी तोडणीच्या बायकांच्या मजुरीसाठी आम्ही एका वायनरीत गेलो होतो. व्यवस्थापकांची वाट पाहत व्हरांड्यात बसलो असता आत चाखण्याचा कार्यक्रम चालला होता. वही घेतलेल्या एका तरुणाने विचारले, ‘ही द्राक्षे कोणत्या बागेतली?’ पेले भरणाऱ्या मुलाला ते सांगता आले नाही. तरुण बाहेर आला, तसे आम्ही त्याला आमच्यातल्या एका बाईंकडे नेले. त्या पहाटे चारपासून डोक्याला दिवा बांधून तोडणी करून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘उताराच्या अंगाची हायेत, दादा. तिकडं माल आठ दिवस मागं येतो. साल जाड, दाणा बारीक, बी लई. खायला न्हाई बरी, पर वास लई धरती.’ तरुण लिहीत होता. बाईंना विचारले, की तुम्ही ही वाइन कधी चाखली का? त्या नुसत्या हसल्या.

मजुरीचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. पुढच्या हंगामात थोडी वाढ मिळाली. मागितली होती तितकी नाही.

फ्रान्समध्येही हीच ओळ मोकळी आहे. २०२३ च्या सप्टेंबरात शँपेन प्रांतात कडक उन्हाळ्यासारखी तोडणी झाली. त्या दिवसांत काही तोडणी-कामगार मरण पावले. एका गावात पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या पन्नासांहून अधिक मजुरांना माणसाने राहू नये अशा जागेत कोंबल्याचे उघडकीस आले. २०२५ च्या जुलैत तेथील न्यायालयाने मजूर पुरवणाऱ्या तिघांना मानवी तस्करीच्या गुन्ह्यात शिक्षा दिल्या. १९०७ चा कायदा मालाचा होता, मजुरीचा नव्हता, असे मघाशी म्हटले ते ह्यासाठी.

बरगंडीतच एक जुनी चाल आहे. तोडणी संपली की मालकाने मजुरांना जेवण घालायचे. तिला पोले म्हणतात. ती चाल मोडत चालली होती. १९२३ साली मर्सो गावच्या ज्यूल लाफों ह्याने ती पुन्हा सुरू केली. आज मर्सोच्या पोलेला जगभरचे रसिक जातात, प्रत्येकजण आपल्याजवळची बाटली आणतो आणि शेजाऱ्याच्या पेल्यात ओततो. प्रसंग मोठा देखणा असतो म्हणतात. आमची सूचना इतकीच, की ज्या पंगतीची सुरुवात मजुरांसाठी झाली, तिच्यात मजुरांची पाने अजून मांडलेली असावीत.

वही लिहिणाऱ्यांना आमची विनंती आहे. साल, गाव, बाग आणि करणारा ह्या चार शब्दांखाली एक ओळ आणखी आखा: तोडणी कोणी केली, किती मजुरीवर केली आणि ती माणसे राहतात कुठे. दार ठोठावलेच आहे, तर हेही विचारा. शेतकरी चांगला असेल तर तो अभिमानाने सांगेल. नसेल, तर त्याचे गप्प राहणेही लिहून ठेवा. पुढच्याच्या उपयोगी पडेल.

त्या दिवशी तरुणाने बाईंचे नाव विचारले आणि बागेच्या नावाखाली लिहून घेतले. ते आम्ही येथे सांगत नाही. त्यांना येत्या हंगामात त्याच ठेकेदाराकडे कामाला जायचे आहे.